बिघाड बोलतो, ऐकणारा हवा

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या दुखण्यांवर लेख लिहावा, ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. वृत्तदर्पण आणि काव्यप्रकाश शिकवणाऱ्याने यंत्राच्या पोटात हात घालण्याचे कारण काय? कारण अगदी साधे आहे. आमच्या महाविद्यालयात मराठी विभागाच्या वाट्याला एक जुना संगणक आला, आणि तो सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. ज्याच्या घरी गाय, त्याने धार काढायला शिकावे, हा न्याय मला लागू झाला.

त्या संगणकावर लिनक्स नावाची कार्यप्रणाली आहे. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारी. कुणाला किती जागा द्यायची, कोणाचे काम आधी करायचे, कोणाला कुठे प्रवेश नाही, हे सारे तो पाहतो. हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण असे काही करीत असल्याचे जगाला कळवले आणि सप्टेंबरात पहिला मसुदा सर्वांसाठी खुला केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून तयार झालेली हत्यारे त्याला येऊन मिळाली. फुकट मिळते, उघडून पाहता येते आणि जुन्या यंत्रावरही चालते, एवढ्या तीन गुणांवर आमच्या विभागाने तिला पसंत केले. तिचे गोत्र मात्र मोठे आहे. जगातल्या सर्वात वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातले सगळेच्या सगळे संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात, आणि ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे त्यांच्या खिशातही गाभा लिनक्सचाच असतो.

मुळशी तालुक्याची मौज अशी, की त्याच्या एका टोकाला हिंजवडी आहे. काचेच्या इमारतींत बसून जगभरची यंत्रे सांभाळणारे हजारो अभियंते तिथे आहेत. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा घाट आहे, जिथे पाऊस सुरू झाला की छत्री हा केवळ उपचार ठरतो. आमचे महाविद्यालय या दोहोंच्या मध्ये, पण पावसाच्या बाजूला झुकलेले. साहजिकच वीज जाते. मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरवून १९२७ पासून तिथे वीज तयार होते. त्या धरणासाठी ज्यांची भाताची खाचरे बुडणार होती, त्या मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या साथीने सत्याग्रह केला, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहेच. आमच्या पाण्यावर दूरदूरचे दिवे लागले, आणि आम्ही मात्र संध्याकाळी मेणबत्ती हाताशी ठेवून लिहायला बसतो. असो. मुद्दा विजेचा नाही, वीज गेल्यानंतर काय झाले याचा आहे.

वादळानंतरची सकाळ

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. परतीचा पाऊस म्हणजे नुसता पाऊस नव्हे, विजांचा तांडव. संध्याकाळी मी घरी निघालो तेव्हा आभाळ काळेभोर झाले होते. रात्री वीज गेली ती पहाटे आली. सकाळी विभागात जाऊन यंत्र सुरू केले. नेहमीची अक्षरे भराभर वर सरकली आणि एकाएकी गाडे अडले. एका ओळीवर घटका मोजल्यासारखे सेकंद मोजले जाऊ लागले. दीड मिनिट झाले, आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर उमटला. त्याचा मथितार्थ असा, की यंत्र आता ‘आणीबाणीच्या अवस्थेत’ आहे.

आणीबाणी हा शब्द आपल्या पिढीला काही फार गोड वाटत नाही. मी यंत्र बंद केले, पुन्हा सुरू केले. तेच दीड मिनिट, तीच आणीबाणी. तिसऱ्यांदा केले. माणसाचा स्वभावच असा आहे, की दार उघडले नाही तर तो तेच दार अधिक जोराने ढकलतो.

त्या यंत्रात काय होते ते सांगितले पाहिजे. गेली काही वर्षे आमचे विद्यार्थी आपापल्या गावांतून, आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणतात आणि त्या लिहून काढतात. मुळशीत हे काम नवे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी इथल्याच डोंगराळ गावांतल्या बायकांच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. ते काम वाढत वाढत महाराष्ट्रभर हजाराहून अधिक गावांत पोहोचले आणि एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून तो टप्प्याटप्प्याने लोकांसमोर आणला आहे. त्या डोंगरापुढे आमचे काम म्हणजे ओंजळभर. पण ओंजळ आमची होती. तिच्यात श्रावणात टिपलेला एक आवाज होता, धरणाच्या काठच्या एका गावातल्या आजींचा. त्यांनी एका बैठकीत दीड तास ओव्या म्हटल्या होत्या, मध्ये एकदाच पाणी प्यायल्या होत्या. सर्वपित्री अमावास्येच्या आधी त्या गेल्या. त्यांच्या नातीने मला सांगितले होते, “सर, आजीचा आवाज तेवढाच आहे.”

जवळच्या एका दुकानातला तरुण आला. त्याने पडदा पाहिला न पाहिला, आणि मोठ्या आत्मविश्वासाने निकाल दिला: “डिस्क गेली, सर. फॉर्मॅट मारू. अर्ध्या तासात नवं करून देतो.” फॉर्मॅट मारणे म्हणजे पाटी पुसून कोरी करणे. मी जवळजवळ ‘हो’ म्हणणार होतो. घाबरलेल्या माणसाला ‘अर्ध्या तासात’ हे शब्द फार गोड लागतात. पण आजींची आठवण झाली आणि जीभ अडखळली. “आज राहू दे,” एवढेच म्हणालो.

दुपारी माझा एक जुना विद्यार्थी, जो आता हिंजवडीत नोकरी करतो, त्याला फोन लावला. सारी हकीकत सांगितली. तो शांतपणे म्हणाला, “सर, यंत्र काय म्हणतंय ते वाचलंत का?”

मी म्हणालो, “आणीबाणी म्हणतंय.”

“ते झालं मथळ्याचं. खालचा मजकूर वाचलात का?”

आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो, की उतारा पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याने माझाच धडा मला परत दिला.

ओंडका आणि रोजकीर्द

लिनक्सच्या कारभारात प्रत्येक घडामोडीची नोंद होते. तिला लॉग म्हणतात. या शब्दाची कुळकथा गमतीची आहे. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजावरचे खलाशी दोरी बांधलेला ओंडका समुद्रात टाकून जहाजाचा वेग मोजीत आणि तो आकडा वहीत लिहीत. ओंडक्याची वही म्हणून ती ‘लॉगबुक’. पुढे जहाजावरची सारीच हकीकत तिच्यात लिहिली जाऊ लागली, आणि जहाजावरून ती यंत्रशाळेत आली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क दोन’ या गणकयंत्रात एक पतंग अडकलेला सापडला, तेव्हा तिथल्या मंडळींनी तो पतंग चिकटपट्टीने वहीतच डकवून ठेवला. ते पान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आजही जपलेले आहे. बिघाड सापडला, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी तो नोंदवला.

आपल्याकडे याला रोजकीर्द म्हणत. पुण्यातले पेशवे दप्तर म्हणजे दुसरे काय? अमुक दिवशी अमुक खर्च पडला, अमुक स्वार आला, अमुक पत्र गेले. ते कागद लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहितो आहोत असे स्वप्नातही वाटले नसेल. पण १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांनी त्या दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढले, तेव्हा किती ऐकीव गोष्टी गळून पडल्या आणि किती नव्या उजेडात आल्या! राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे धुंडाळीत, तेही याचसाठी, की आधी कागद वाचावा, मग मत द्यावे. बखरकार आधी मत देतो आणि मग गोष्ट रचतो. ‘डिस्क गेली’ हे दुकानातल्या तरुणाचे वाक्य म्हणजे शुद्ध बखर होती.

यंत्राची रोजकीर्द वाचण्याची आज्ञा आहे ‘जर्नलसीटीएल’. नुसती तेवढी आज्ञा दिली तर हजारो ओळी अंगावर कोसळतात. पण ‘फक्त या वेळच्या सुरुवातीपासूनचे दाखव’, ‘फक्त चुकांचे दाखव’, ‘अमुक वेळेनंतरचे दाखव’, अशा अटी तिला घालता येतात. शिवाय ‘ग्रेप’ नावाची एक जुनी आज्ञा आहे, युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सन यांनी लिहिलेली. तिला एक शब्द सांगावा आणि तिने ढीगभर मजकुरातून तो असलेल्या तेवढ्याच ओळी वेचून आणाव्यात. पेशवे दप्तरात असा एखादा कारकून असता, तर सरदेसायांची किती वर्षे वाचली असती!

वाचताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. शेवटची ओळ ही बहुधा परिणाम असते, कारण नव्हे. एक गोष्ट अडली, म्हणून तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी अडली, म्हणून तिसरी, आणि शेवटी सगळे मिळून आणीबाणी. म्हणून मागे मागे जात पहिली अडलेली ओळ शोधायची. मी आणीबाणीच्या पडद्यावरच परवलीचा शब्द दिला आणि वाचू लागलो. पाचसात मिनिटांत ती ओळ सापडली. तिचा अर्थ असा होता: ‘अमुक क्रमांकाच्या डिस्कची वाट पाहिली, ती आली नाही, मुदत संपली.’

आली नाही! म्हणजे बिघडली असे नव्हे. ती हजरच नाही.

मामांचे कपाट

आमच्या यंत्राला दोन डिस्क होत्या. एक पोटातली, जिच्यात सारा मजकूर. दुसरी बाहेरची, तारेने जोडलेली, जिच्यावर दर रविवारी आपोआप प्रत निघावी अशी मी व्यवस्था केलेली. आता लिनक्समध्ये ‘एफएसटॅब’ नावाची एक यादी असते. सुरुवातीला कोणकोणत्या डिस्क कुठे जोडायच्या, ते तिच्यात लिहिलेले असते. यादीतले नाव म्हणजे लग्नातल्या मानाच्या पाहुण्यासारखे. तो आल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत. यंत्र दीड मिनिट वाट पाहते आणि मग कार्यच थांबवते. बाहेरची डिस्क यादीत होती आणि दारात नव्हती, एवढाच हा प्रकार. पोटातली डिस्क ठणठणीत होती. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवते. तिनेही एकच डिस्क दाखवली.

मी तेव्हा मान वर करून पडद्यामागच्या फळीकडे पाहिले. फळी रिकामी होती! सकाळपासून ती माझ्या डोळ्यांसमोर रिकामी होती, आणि मला दिसली नव्हती.

आमच्या शिपाईमामांना हाक मारली. “मामा, इथली काळी डबी कुठं गेली?”

“कपाटात आहे की, सर,” मामा म्हणाले. “काल विजा लई चमकत होत्या. सगळ्या वायरी काढल्या. तेवढी डबी गळक्या जागेखाली येत होती, म्हणून पिशवीत घालून ठेवली.” त्यांनी लोखंडी कपाट उघडले. प्लास्टिकच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली आमची डिस्क, एखाद्या ताईताप्रमाणे सुरक्षित! मामांनी जे केले ते योग्यच होते. विजांच्या दिवसांत तारा काढून ठेवणे हेच शहाणपण. चूक एकच, की त्यांनी ते कुणाला सांगितले नाही, आणि मी कुणाला विचारले नाही.

डिस्क जोडली, यंत्र सुरू केले, आणि ते निमूटपणे उभे राहिले. पुन्हा असे होऊ नये म्हणून यादीतल्या त्या नावापुढे ‘नोफेल’ हा शब्द घातला. पाहुणा आला तर उत्तम, न आला तरी कार्य चालू द्यावे, असा त्याचा अर्थ.

पण माझ्या विद्यार्थ्याने फोनवर सावध केले: “सर, आता एक नवा खड्डा तयार झाला. डिस्क जोडलेली नसली तरी यंत्र सुरू होईल, आणि रविवारी प्रत काढणारा कार्यक्रम ती डिस्क आहे असं समजून त्याच नावाच्या रिकाम्या घडीत, म्हणजे पोटातल्याच डिस्कवर, सगळं लिहून टाकेल.” दुखणे जाऊन औषध जडावे, तसे. म्हणून प्रत काढण्यापूर्वी ‘ती जागा खरोखर जोडलेली आहे का’ हे तपासणारी एक ओळ घातली. त्यासाठी ‘माउंटपॉइंट’ अशी आज्ञाच आहे. यंत्राच्या बाबतीत प्रत्येक उपायानंतर ‘आता यामुळे नवे काय होईल?’ हा प्रश्न विचारायचा, हे त्या दिवशी शिकलो.

जागा संपली

एवढ्यावर ही गोष्ट संपती, तर मी लेख लिहिला नसता. डिस्क सापडल्याच्या आनंदात मी तिच्यावरच्या प्रती उघडून पाहिल्या. शेवटची पूर्ण प्रत जूनमधली होती!

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, कशाचाही पत्ता नाही. आजींचा आवाज त्या डिस्कवर नव्हताच. तो पोटातल्या डिस्कवर होता आणि फक्त तिथेच होता. त्या सकाळी मी ‘हो’ म्हटले असते, तर अर्ध्या तासात तो नाहीसा झाला असता, आणि ‘आपल्याकडे प्रत आहे’ या भरवशावर मी निवांत चहा पीत बसलो असतो. हे लक्षात आले तेव्हा हातापायांतले बळ गेले.

कारण पुन्हा नोंदवहीतच होते. प्रत काढणारा कार्यक्रम आपली हकीकत एका फायलीत लिहीत असे, आणि तिच्यात जूनअखेरपासून दर रविवारी तेच वाक्य होते: उपकरणावर जागा शिल्लक नाही. बिचाऱ्याने सोळा आठवडे तक्रार केली होती आणि मी एकदाही फाईल उघडली नव्हती. यात बिघाड माझा होता. मी दर रविवारी एक नवी पूर्ण प्रत काढायला सांगितले होते. न बदललेले शेकडो मजकूरही दर आठवड्याला नव्याने लिहिले जात होते. डिस्क भरणार नाही तर काय?

‘डीएफ’ ही आज्ञा कोणती डिस्क किती भरली ते सांगते, ‘डीयू’ ही आज्ञा कोणत्या घडीने किती जागा खाल्ली ते सांगते. जागेची तक्रार आली की आधी पहिली, मग दुसरी. पण दोन फसवे प्रकार ध्यानात ठेवावे. कधी डिस्कवर जागा भरपूर असते, तरी यंत्र ‘जागा नाही’ म्हणते. ग्रंथालयात फळ्या रिकाम्या आहेत, पण दाखलनोंदवहीची पाने संपली, तर नवे पुस्तक घ्यायचे कुठे? प्रत्येक फायलीला नोंदवहीत एक ओळ लागते, तिला ‘आयनोड’ म्हणतात, आणि लक्षावधी चिल्लर फायलींनी त्या ओळीच संपतात. ‘डीएफ’ला आयनोड मोजायला सांगितले की ते उघडकीला येते. दुसरा प्रकार याच्या उलट. मोठी फाईल पुसली, तरी जागा सुटत नाही, कारण एखादा चालू कार्यक्रम ती अजून धरून बसलेला असतो. भाडेकरूचे नाव पाटीवरून पुसले म्हणून खोली रिकामी होत नाही, तो बाहेर पडावा लागतो. तो कार्यक्रम थांबवून पुन्हा सुरू केला, की जागा मोकळी होते.

जुन्या प्रती काढून टाकल्या आणि नवी व्यवस्था ‘आरसिंक’ या हत्याराने केली. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ते प्रथम जगापुढे ठेवले. ते बदललेल्या फायलीच तेवढ्या नव्याने उतरवते, आणि न बदललेल्यांसाठी मागच्या प्रतीकडे बोट दाखवण्याचीही त्यात सोय आहे. मग पहिले काम केले ते आजींच्या ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती करण्याचे. एक त्या डिस्कवर, एक माझ्या घरी. आणि केवळ प्रत काढली नाही, ती उघडून ऐकली. प्रत काढणे म्हणजे प्रत असणे नव्हे. ती परत उघडते का, हे पाहिल्यावरच ती प्रत म्हणावी.

रोजची किरकोळ दुखणी

त्यानंतर माझी या कामात थोडी ख्याती झाली आणि कार्यालयापासून ग्रंथालयापर्यंत सर्वांची दुखणी माझ्याकडे येऊ लागली. त्यांतली बहुतेक पाचसहा प्रकारांत बसतात. वाचकांपैकी कुणाच्या घरी किंवा शाळेत लिनक्सचे यंत्र असेल, तर उपयोगी पडतील.

पहिले दुखणे ‘परवानगी नाही’. लिनक्समध्ये प्रत्येक फायलीला मालक, गट आणि इतर असे तीन नातेवाईक असतात, आणि प्रत्येकाला वाचणे, लिहिणे, चालवणे हे तीन हक्क असतात किंवा नसतात. एखादी फाईल उघडली नाही, की सल्लागार मंडळी ‘सातशे सत्त्याहत्तर’ हा आकडा देऊन सगळ्यांना सगळे हक्क देऊन टाकायला सांगतात. किल्ली सापडत नाही म्हणून घराची दारे उखडून ठेवण्याचाच हा प्रकार. ‘एलएस’ या आज्ञेच्या लांब यादीत मालक कोण ते आधी पाहावे. बहुधा असे दिसते, की कुणीतरी ती फाईल मुख्य कारभारी होऊन तयार केली आणि तिचा मालकच बदलला. मालक बदलला की काम झाले.

दुसरे दुखणे ‘इंटरनेट बंद’. या वाक्याला काही अर्थ नाही. घरापासून पुढे एकेक पाऊल टाकावे. तार लागलेली आहे का? आपल्याच खोलीतला राउटर हाकेला ओ देतो का? ‘पिंग’ ही आज्ञा म्हणजे अशी हाकच. बाहेरचा एखादा क्रमांक ओ देतो का? आणि शेवटी, त्याच जागेचे नाव घेतले तर ओ येते का? क्रमांकाला ओ येते पण नावाला येत नाही, तर रस्ता शाबूत आहे, पत्ता सांगणारा मात्र झोपला आहे. टपाल व्यवस्था चालू, पण पौडला जायचे कसे हे सांगणारा कारकून रजेवर. मग त्या नावे सांगणाऱ्या सेवेचा, डीएनएसचा, बंदोबस्त करावा. उगाच तारा उपटू नयेत.

तिसरे दुखणे घड्याळाचे. जुन्या यंत्रातली बटणाएवढी बॅटरी संपली आणि यंत्र सुट्टीभर विजेवाचून राहिले, की त्याचे घड्याळ मागे पडते. मग संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागतात, कारण त्यांच्या ओळखपत्रावरची तारीख यंत्राच्या तारखेशी जुळत नाही. माणसे संकेतस्थळाला दोष देतात आणि कोपऱ्यातली तारीख पाहत नाहीत. एखाद्या फायलीवर १९७० सालचा जानेवारी दिसला, तर घाबरू नये. या यंत्रांची कालगणना १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेपाचपासून सुरू होते. ते तिचे शून्य. फायलीची तारीख हरवली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

चौथे दुखणे आमच्या खास जिव्हाळ्याचे, अक्षरांचे. जुन्या मराठी फायली उघडल्या की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. फाईल खराब झाली म्हणून पुष्कळांनी असा मजकूर टाकून दिला आहे. वास्तविक तो शाबूत असतो. पूर्वीच्या पुष्कळ फाँटांत आत रोमन अक्षराचा क्रमांक आणि वर देवनागरीचा मुखवटा असे. मुखवटा नसलेल्या यंत्रावर खरा चेहरा दिसतो, इतकेच. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली निघाले आणि त्याच वर्षी युनिकोडचीही पहिली आवृत्ती आली. आज सगळीकडे युनिकोडच चालते. जुना मजकूर कोणत्या फाँटात होता हे कळले, की तो युनिकोडमध्ये उतरवता येतो. म्हणून टाकण्यापूर्वी विचारा, की लिपी कोणती? मोडी वाचता येत नाही म्हणून कागद रद्दीत घालणाऱ्या वारसांना आपण नावे ठेवतोच ना?

पाचवे, ‘एखादी सेवा चालत नाही’. छपाई होत नाही, ग्रंथालयाची यादी उघडत नाही. ‘सिस्टिमसीटीएल’ या आज्ञेला त्या सेवेची प्रकृती विचारावी. ती चालू आहे, बंद आहे की पडली आहे ते सांगते, आणि शेवटच्या काही नोंदीही पुढे ठेवते. पुन्हा सुरू करण्याआधी त्या ओळी उतरवून घ्याव्यात. पुन्हा सुरू केल्याने दुखणे थांबते, पण पुरावा मागे पडतो, आणि आठ दिवसांनी तेच दुखणे परत दारात उभे राहते.

टेबलावरची वही

या सगळ्याचे तात्पर्य काय? यंत्र बिघडले म्हणजे मुके होते, असा आपला समज आहे. लिनक्सच्या बाबतीत तरी बहुधा उलटच घडते. बिघडले की ते अधिक बोलू लागते. आपण मात्र त्याचे बोलणे तोडून हात चालवतो. आधी वाचावे. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरे झाले ते कधीच कळत नाही. जे पुसले जाणार असेल, त्याची आधी प्रत करावी. आणि जे केले ते लिहून ठेवावे. यातले काहीही करायला विज्ञानाची पदवी लागत नाही. लागतो तो नीट वाचणारा डोळा आणि न घाबरणारे मन.

त्या ऑक्टोबरानंतर मी यंत्राशेजारी एक दोनशेपानी वही ठेवली. दोरीने बांधलेले पेनही ठेवले, कारण महाविद्यालयात मोकळे पेन टिकत नाही. यंत्राला कुणीही हात लावला, की तारीख आणि काय केले ते तिच्यात लिहायचे, असा नियम केला. आधी सगळे हसले. मग हळूहळू पाने भरू लागली. आजींची नात एके दिवशी मैत्रिणींना घेऊन आली, विभागात बसून आजीच्या ओव्या ऐकत राहिली आणि जाताना तिनेही वहीत लिहिले: ‘ऐकले. काही बदलले नाही.’

यंदा मेमध्ये वळवाचा जोर होता. एका रात्री विजांनी आभाळ फाडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागात आलो तेव्हा फळी रिकामी होती. पण या खेपेस यंत्र सुरू झाले होते, आणि मला कुणाला हाक मारावी लागली नाही. वहीत आदल्या संध्याकाळची तारीख घालून, मोठ्या गोल अक्षरांत मामांनी लिहिले होते: ‘विजा होत्या. काळी डबी काढून कपाटात ठेवली आहे. किल्ली माझ्याजवळ.’